न उगवलेला मंगळवार

समितीच्या बैठकीत आपण गप्प बसलो असतो तर, हा विचार जोविताने गेल्या तीन महिन्यांत इतक्या वेळा केला होता, की आता त्याला विचार म्हणण्यातही अर्थ उरला नव्हता. दाढेत अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा तो नुसता तिथे असायचा; जीभ पुन्हा पुन्हा तिकडेच जायची.

बैठक सप्टेंबरात झाली, फिलिपीन्समधल्या त्यांच्या बेटाच्या मुख्य गावी, पोब्लासियोनच्या नगरभवनात. विषय तसा साधा होता. बेटाच्या पश्चिम टोकाच्या लुनहाव या कोळ्यांच्या वस्तीला त्या वर्षी, म्हणजे १९९४च्या डिसेंबरात, दीडशे वर्षं पूर्ण होत होती. नगर परिषदेने तिथल्या किनाऱ्यावर एक शिळा बसवायचं ठरवलं होतं आणि तिच्यावर काय कोरायचं हे ठरवायला इतिहास समिती नेमली होती. जोविता गाबितो मूळची लुनहावची, अजूनही म्हाताऱ्या वडिलांसोबत तिथेच राहणारी, आणि पोब्लासियोनच्या शाळेत कित्येक वर्षं इतिहास शिकवणारी. तिला समितीत घेणं भागच होतं.

लुनहावची कथा बेटावर सगळ्यांना ठाऊक होती. वादळाने धुऊन नेलेलं आपलं जुनं गाव सोडून काही कुटुंबं एका मोठ्या नावेतून निघाली. वाटेत शीड फाटलं, वल्ही वाहून गेली. किनारा दिसू लागला तेव्हा नाव प्रवाळाच्या खडकांपाशी येऊन थांबली, ती पुढे सरकेना. मग धडधाकट माणसं छातीएवढ्या पाण्यात उतरली आणि म्हाताऱ्या, गरोदर बायका, पोरंसोरं बसलेली ती नाव त्यांनी दोराने ओढत वाळूवर आणली. पुढे त्यांनी बांधलेल्या प्रार्थनाघराच्या तुळईवर कुणीतरी सुरीने तो दिवस कोरून ठेवला : ३१ डिसेंबर १८४४. तेव्हापासून दर वर्षी नऊ संध्याकाळच्या प्रार्थना संपल्या, की एकतीस तारखेला भरतीच्या वेळी सगळी वस्ती पाण्यात उतरते आणि एक नाव खडकांपासून वाळूपर्यंत ओढून आणते. जपानी सैनिक बेटावर असतानाही हे चुकलं नव्हतं.

जोविताच्या हातात मसुदा आला आणि ती त्या तारखेपाशी अडखळली. ही तारीख तिने लहानपणापासून हजार वेळा ऐकली होती, आणि शाळेत दुसऱ्याच एका धड्यात ती वेगळ्या कारणासाठी शिकवलीही होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर समोर येईपर्यंत त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. स्पेनचं राज्य इथे मेक्सिकोच्या वाटेने आलं आणि येताना मेक्सिकोचीच तारीख घेऊन आलं. त्यामुळे शेजारच्या साऱ्या आशियापेक्षा फिलिपीन्स कितीतरी पिढ्या एक दिवस मागे चालत होता. हा घोळ निस्तरण्यासाठी गव्हर्नर-जनरलने १८४४च्या ऑगस्टात हुकूम काढला, की यंदा सोमवार, तीस डिसेंबरनंतर थेट बुधवार, एक जानेवारी धरावा. मधला मंगळवार गाळून टाकला गेला. तो मंगळवार म्हणजेच ३१ डिसेंबर १८४४.

हे सांगितलंच पाहिजे, असं तिला वाटलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट गोष्ट अधिकच सुंदर होत होती. त्या कुटुंबांच्या जुन्या गावी पाद्री वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आधीच्या उपवासात जायचा. सरकारी हुकूम वाचून दाखवणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. वादळातून जीव वाचवून आलेल्या त्या माणसांनी सोमवारनंतर मंगळवार मोजला, कारण मंगळवार आलाच होता. साऱ्या देशाने गमावलेला एक दिवस फक्त ती माणसं जगली. शिळेवर तारखेखाली दोन ओळी लिहाव्यात, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"म्हणजे तो दिवस झालाच नाही?" समितीच्या अध्यक्ष, नगरसेविका मर्लिंडा तागुबात यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"झाला. सूर्य उगवला, मावळला. फक्त मनिलाच्या हिशेबात त्याला..."

"झाला का नाही झाला, एक काय ते सांगा."

"लुनहावमध्ये झाला. मनिलात नाही झाला."

निवृत्त पोस्टमास्तर येउसेबियो इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "जपून हां मॅडम. उद्या माझी बायको म्हणेल, आपलं लग्न मनिलात झालं, इथे नाही झालं. मग मी चाळीस वर्षं कुणाचं ऐकून घेतलं?"

हशा पिकला. जोविताही हसली, आणि तिथेच चुकलं असं तिला पुढे वाटत राहिलं. हसण्यात तिची दोन वाक्यं वाहून गेली.

"खासदार पडदा ओढणार," मर्लिंडा म्हणाल्या, "आणि त्यांच्यासोबतचा एखादा दीडशहाणा विचारणार, हा दिवस तुम्ही कुठल्या बाजारातून आणलात? शोभा होईल ना आपली."

"म्हणूनच म्हणते, खाली दोन ओळी..."

"दोन ओळींना जागा कुठे आहे? वर खासदारांचं नाव, मग महापौरांचं, मग आम्हा आठ जणांची. तुम्ही इतिहासाच्या मॅडम आहात, तुम्हीच सांगताय तारीख चूक आहे. मग चुकीचं कशाला लिहायचं? तीस करून टाकू."

"तीस कसं होईल? तीस तारखेला ती माणसं समुद्रात होती!"

"कोण बघायला गेलं होतं? आणि तीस तारखेला रिझाल दिन, हुतात्म्याच्या पुतळ्याला हार घालायला खासदार इथे येतातच आहेत. एकच मांडव, एकच लाऊडस्पीकर, एकच भाजलेलं डुक्कर."

"बदलायचीच असेल तर सरकारी हिशेबाने एक जानेवारी येते. तीस तर कुठल्याच हिशेबाने येत नाही."

"एक जानेवारीच्या सकाळी खासदार शुद्धीवर असतील असं तुम्हाला वाटतं?" येउसेबियो म्हणाले, आणि ठराव हशातच मंजूर झाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं की, तारखेतील चूक वेळीच निदर्शनास आणून दिल्याबद्दल समिती श्रीमती गाबितो यांची आभारी आहे.

*

ते आभार तिच्या आधी घरी पोचले.

तिचे वडील क्रिस्पुलो ऐंशी ओलांडलेले. नऊ संध्याकाळच्या प्रार्थना तेच सांगायचे, आणि नाव ओढायचा दोरही दर वर्षी तेच वळायचे. अलीकडे त्यांच्या छातीत जोर राहिला नव्हता. प्रार्थनेतलं एक कडवं म्हणायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागे. एक मुलगा मनिलात, दुसरा जेद्दाला, नातू जहाजावर. आपल्यामागे हा दिवस कोण सांगणार, ही एकच चिंता त्यांना उरली होती, आणि म्हणून शिळेची बातमी आली तेव्हा ते पोराटोरांसारखे खूश झाले होते. "दगड बरा," ते सगळ्यांना सांगत सुटले होते. "दगडाला व्हिसा मिळत नाही. आहे तिथेच राहतो."

वस्तीचा कापितान, म्हणजे मुखिया, रोदेल कधीकाळी जोविताच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. ठरावाची बातमी त्यानेच आणली, आणि वाटेत तिचा जो काही आकार झाला असेल त्या आकारात ती म्हाताऱ्याच्या हाती दिली : बाईंनी समितीला सांगितलं, आपला दिवस खोटा आहे.

संध्याकाळी जोविता घरात शिरली तेव्हा क्रिस्पुलो ओट्यावर अंबाडीसारखे लांब तंतू मांडीवर वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"या. मनिलाच्या बाई आल्या."

"ताताय, माझं ऐकून तर घ्या. मी असं म्हटलंच नाही."

"कालचा भात आहे झाकलेला. पण तू कशी खाणार? तू म्हणालीस तर काल झालाच नसेल."

"मी काय सांगितलं ते..."

"मला सांगू नकोस, इंदाय, पोरी. माझ्या बापाने सांगितलंय, त्याच्या बापाने त्याला सांगितलं. तू शिकलेली आहेस. शिकलेल्यांना सांग."

पुढचे कित्येक आठवडे हेच चाललं. ती वाक्य सुरू करायची. त्यांना खोकला यायचा, किंवा ते रेडिओ मोठा करायचे. ती नगरभवनात जायची, तिथे तिचं बोलणं संपेपर्यंत मर्लिंडा ऐकायच्या, आणि मग म्हणायच्या, "तुमच्याच सांगण्यावरून तर केलं, मॅडम. आता परत फिरवलं तर परिषदेला लोक काय म्हणतील?" एकीकडे तारीख खोटी पाडली म्हणून राग, दुसरीकडे ती खोटी आहे असं धड ठामपणे सांगत नाही म्हणून राग. जे ती खरोखर म्हणाली होती ते ऐकलेला माणूस मात्र तिला साऱ्या बेटावर एकही सापडत नव्हता. वर्गात चाळीस मुलांना गप्प बसवणारी बाई दोन माणसांपुढे रोज हरत होती.

नाताळ झाला आणि शिळा ट्रकमधून आली. काळसर, गुळगुळीत, अक्षरांत सोनेरी रंग भरलेली. नावांची रांग वाचत जोविता खाली आली. ३० डिसेंबर १८४४.

"हे एकतीस करता येईल?" तिने गवंड्याला हळूच विचारलं.

तो सिमेंट कालवत होता. त्याने थापी बाजूला ठेवून शून्यावरून बोट फिरवलं. "एकाचं शून्य सांगितलं असतंत तर केलं असतं, बाई. शून्याचा एक कसा करू? कोरलेला दगड परत भरता येतो का?"

*

तीस तारखेला सकाळी खासदार नावेतून आले, सोबत मर्लिंडा, अर्धी परिषद आणि पोब्लासियोनचा बँड. मांडव मोठा होता. खुर्च्या ओळीने लावल्या होत्या आणि पहिल्या दोन ओळी सोडल्या तर त्या सगळ्या रिकाम्या होत्या. पुरुष पहाटेच मासेमारीला गेले होते. विहिरीवर बायका कपडे धूत होत्या. त्यांच्या हसण्याचा आवाज लाऊडस्पीकरच्या आवाजाला अधूनमधून छेद देत होता.

"तुमची माणसं कुठे आहेत?" मर्लिंडांनी दात आवळून विचारलं.

रोदेलने घाम पुसला. "घरोघर जाऊन सांगितलं, मॅडम. कुणी नाही म्हटलं नाही. सगळे म्हणाले, येतो की. उद्या येतो."

जोविताला वस्तीचा इतिहास वाचून दाखवायचा होता. ती उभी राहिली, वाचत गेली, आणि तारीख आली तिथे "डिसेंबरच्या अखेरीस" असं म्हणून पुढे सरकली. या दोन शब्दांसाठी तिने सारी सकाळ धैर्य गोळा केलं होतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. खासदार शेजारच्या माणसाशी बोलत होते; टाळ्या योग्य जागी पडल्या.

मग नाव ओढायची वेळ आली. क्रिस्पुलोंनी वळलेला दोर घरात आढ्याला टांगलेला होता आणि तो मागायची हिंमत रोदेलला झाली नव्हती. त्याने नायलॉनचा निळा दोर आणला. त्यातून ओहोटी. समारंभाची वेळ रिझाल दिनाच्या हारावरून ठरलेली, समुद्राला कुणी विचारलं नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यात नाव प्रवाळावर बसली होती. खासदारांनी पॅन्ट दुमडली, दोर धरला, हसले, फोटो निघाला. रोदेलचे चार शिपाई जीव खाऊन ओढत होते. नावेच्या तळातून खर्र असा आवाज आला आणि ती एका बाजूला कलंडली.

"झालं, झालं," खासदार म्हणाले. "आली असं समजू."

डुक्कर जवळजवळ अख्खं उरलं. निघताना मर्लिंडा जोविताजवळ थांबल्या. "तुमच्या लोकांसाठी एवढं केलं, मॅडम. तुमच्या लोकांनी आमची लाज काढली."

"तारीख बदलाल का?" जोविताने विचारलं.

"मे महिन्यातल्या निवडणुकीनंतर अर्ज करा."

*

ती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. क्रिस्पुलोंनी दोर खाली काढला होता आणि घमेल्यात पाणी घेऊन ते तो वाव-वाव भिजवत होते. दोर ओला असला म्हणजे हाताला सोलत नाही.

"झाली का तुमच्या साहेबांची नाव ओढून?"

तिने हातातली पिशवी जमिनीवर टाकली. आतले मांसाचे तुकडे पानासकट बाहेर आले.

"माझे साहेब? तुम्ही सगळ्यांनी मला त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे एकटीला उभं केलंत! तिकडे ते म्हणतात तुमची माणसं, इकडे तुम्ही म्हणता तुमचे साहेब. मी आहे तरी कुणाची? वस्तीतली माणसं तो दिवस खरंच जगली, हे सांगायला मी तोंड उघडलं, ताताय. हे! त्यांना कुणी हुकूम वाचून दाखवलाच नव्हता, पाद्री उपवासाच्या दिवसांखेरीज फिरकत नव्हता, हे मी बोंबलून बोंबलून सांगतेय. तिथे कुणी ऐकत नाही, आणि घरी आले की तुम्ही रेडिओ लावता!"

क्रिस्पुलोंचे हात थांबले. नेहमीसारखा खोकला आला नाही.

"कसला हुकूम?" ते म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. "तेच तर सांगतेय सप्टेंबरपासून."

"मग सांग आता. बस."

ती जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. मेक्सिको, एक दिवस मागे चालणारी तारीख, गव्हर्नर-जनरल, सोमवारनंतर आलेला बुधवार. मध्ये एकदाही त्यांनी तोडलं नाही. ओला दोर त्यांच्या पायाशी पडून होता. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरची शीर मात्र फुगत चालली.

"एका सहीनं?"

"एका सहीनं."

"माणसं पाण्यात होती. माझ्या आज्याचा बाप पाण्यात होता. आणि तो तिकडे खुर्चीत बसून म्हणतो, हा दिवस नाही?" त्यांनी ओल्या मुठीने ओट्यावर धपका मारला. "कुठाय तो?"

"ताताय, तो मेला. शंभर वर्षं होऊन गेली."

"मेला म्हणून काय झालं? त्या मर्लिंडेला सांग हे."

"सांगितलं."

"परत सांग."

"सात वेळा सांगितलं! ती म्हणते निवडणुकीनंतर अर्ज करा."

मे महिना त्यांनी मनातल्या मनात आपल्या श्वासाशी लावून पाहिला असावा. मग वाकून त्यांनी जमिनीवरचा मांसाचा एक तुकडा उचलला, फुंकून साफ केला आणि तोंडात टाकला. "डुक्कर मात्र चांगलं भाजलंय," ते म्हणाले. त्यांच्याकडून माफी यायची तर ती अशीच येणार, हे जोविताला माहीत होतं. तिचं समाधान झालं नाही. दगड तिकडे किनाऱ्यावर उभा होता आणि तो चुकीचाच राहणार होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती खडकांवरून आत आली आणि वस्ती किनाऱ्यावर लोटली. मनिलाहून सुट्टीला आलेली कुटुंबं, कडेवरची पोरं, कालच्या विहिरीवरच्या बायका, रात्रभर जाळी टाकून डोळे लाल झालेले पुरुष. रोदेलने शिळेवर पोतं टाकून ठेवलं होतं. क्रिस्पुलोंनी ते काढायला लावलं.

"झाकतोस काय? मेलेलं माणूस आहे का ते?"

त्यांना यंदा पाण्यात उतरणं जमणार नव्हतं. ते शिळेच्या चौथऱ्यावर बसले आणि तिथूनच त्यांनी हात वर केला. दोर ताणला गेला. पाण्यातली आणि वाळूवरची दोन्हीकडची माणसं एका सुरात ओढू लागली. नाव खडकांपासून सुटली, डुलली, आणि पोरांच्या आरोळ्यांत वाळूला लागली. जोविताच्या तळहातांना दोराचा ओलावा लागला होता. तेवढा वेळ तिच्या डोक्यात कुठलीच तारीख नव्हती.

मग ओल्या कपड्यांनिशी पोरं शिळेभोवती जमली. मनिलाच्या शाळेत शिकणारी एक मुलगी अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली, थांबली आणि क्रिस्पुलो आजोबांकडे वळली.

"लोलो, इथे तीस लिहिलंय. आपण एक दिवस उशिरा आलो का?"

"आपण वेळेवर आलो. दगड चुकलाय."

"दगड कसा चुकेल?"

"हिला विचारा," क्रिस्पुलोंनी हनुवटीने जोविताकडे खूण केली. "का चुकलाय ते ही सांगेल."

पोरं तिच्याकडे वळली. जोविताने केस पिळले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. स्पेनचं जहाज मेक्सिकोहून निघालं. मेक्सिको कुठे आहे, एकाने विचारलं, तिने सांगितलं. तारीख एक दिवस मागे कशी चालते, दुसऱ्याने विचारलं. तिने काठीने वाळूत एक वर्तुळ काढलं. वर्तुळ पुरं होतंय तोवर प्रार्थनाघरापाशी केळीच्या पानातल्या भाताच्या वड्या वाटायला लागल्या. आधी दोघं पळाली, मग चौघं. मनिलाची मुलगी सभ्यपणे थोडा वेळ थांबली आणि नंतर आईने हाक मारल्यासारखं करून तीही गेली.

जोविता काठी हातात धरून वर्तुळापाशी उभी राहिली. पुढच्या वर्षी हेच, त्याच्या पुढच्याही वर्षी हेच. तिने काठी टाकून दिली.

"पुढे?" चौथऱ्यावरून आवाज आला.

"पुढे काय? काल ऐकलंत ना सगळं."

"ऐकलं. सगळं राहिलं नाही डोक्यात." क्रिस्पुलो श्वास घ्यायला थांबले. "मला ते रोदेलला सांगायचंय. तो काहीतरी तिसरंच करून ठेवणारा गडी आहे, त्याच्याकडे द्यायचं तर नीट द्यायला हवं. पाद्री कधी यायचा म्हणालीस?"

"उपवासाच्या दिवसांत."

"वर्षातून एकदा."

"एकदाच."

"हां. म्हणजे हुकूम निघाला तेव्हा तो येऊन गेला होता. बरोबर?"

जोविता त्यांच्याजवळ चौथऱ्यावर बसली. सोनेरी अक्षरं तिच्या पाठीला लागत होती. "बरोबर," ती म्हणाली, "पण त्याच्या आधीचं एक सुटलं. पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका."